पणजीचं माहेरचं नाव शोधतेय: वाचनालयात कुठून सुरुवात करू?

जास्वंद | २ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या घरी माजघरात वंशवृक्ष टांगलेला आहे. काचेच्या चौकटीत, हिरव्या शाईने पानं रंगवलेला. अकरा पिढ्या आहेत त्यात आणि पानापानावर नाव आहे. सगळी नावं पुरुषांची. लहानपणी मी आईला विचारलं होतं, यात तू कुठे आहेस? ती म्हणाली, आपण नसतो गं त्यात.

मला माझ्या पणजीचा शोध घ्यायचा आहे. वडिलांच्या वडिलांची आई. १९५० च्या आसपास गेली. तिच्याबद्दल घरात तीनच गोष्टी सांगितल्या जातात. ती उंच होती, तिच्या हातचं आंबोशीचं लोणचं दोन पावसाळे टिकायचं, आणि तिला अक्षरओळख नव्हती. नाव लक्ष्मी, पण ते लग्नात ठेवलेलं. माहेरी तिला काय म्हणत, माहेरचं आडनाव काय, गाव कुठलं, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. सगळ्यात धाकट्या आत्याआजी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख आहे.

गेल्या आठवड्यात गावी गेले होते (रत्नागिरी जिल्हा, तालुक्याचं ठिकाण, मी राहते डोंबिवलीला). तिथल्या सार्वजनिक वाचनालयात गेले. ग्रंथपाल मॅडमनी आमचा छापील कुलवृत्तांत काढून दिला. पणजोबांची नोंद सापडली तेव्हा हात थरथरला माझा. सहा ओळी आहेत. शिक्षण, शेती, देवस्थानचं पंचपद, सगळं आहे. शेवटी लिहिलंय, ‘विवाह शके १८२९. कुटुंब लक्ष्मी. पुत्र ३, कन्या २.’ शेजारच्या नोंदींत ‘अमुक यांची कन्या’ असं आहे. आमच्या नोंदीत ती जागा रिकामी.

आता पुढे कुठे बघू? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

दाखलांक | २ मे, रात्री ११:०५

जास्वंद ताई, मी तालुका वाचनालयात एकतीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

कुटुंबाचा इतिहास शोधायला येणारी मंडळी कुलवृत्तांत आणि गॅझेटियर मागतात आणि ते बघून परत जातात. तुम्ही ग्रंथपालांना वेगळंच विचारा: ‘वाचनालयाचं स्वतःचं जुनं दप्तर काय शिल्लक आहे?’ आपल्याकडची वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. तालुक्यांची त्यानंतरची, पण त्यांतलीही कितीतरी शंभरी ओलांडलेली. एवढ्या वर्षांत प्रत्येकाने वार्षिक अहवाल छापले, वर्गणीदारांच्या याद्या केल्या, देणगीदारांची नावं नोंदवली, सभासदांचे अर्ज भरून घेतले. हे कागद पुस्तकांच्या यादीत नसतात. ते असतात माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, नाहीतर अध्यक्षांच्या खोलीतल्या कपाटात.

घाई करा असंही सांगतो. दरवर्षी खराब पुस्तकांचं निर्लेखन होतं (म्हणजे ती यादीतून बाद करतात), आणि जागा करताना या वह्याही रद्दीत जातात. मी माझ्या डोळ्यांनी १९२० च्या आसपासची देवघेव वही वजनावर जाताना पाहिली आहे. तेव्हा मी नवीन होतो, बोललो नाही. अजून बोचतं.

जाताना पेन नेऊ नका, शिसपेन न्या. बोट ओलं करून पान उलटू नका. झेरॉक्सचा हट्ट धरू नका, जुनी बांधणी मोडते. फ्लॅश बंद करून मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक फोटोआधी वहीच्या मुखपृष्ठाचा एक फोटो घ्या, नाहीतर दोन महिन्यांनी कुठलं पान कुठल्या वहीचं हे कळत नाही. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी तर कधीच लावू नका.

---

शुहूर सन | ३ मे, सकाळी ७:२०

तुमच्या कुलवृत्तांतात जागा रिकामी असली तरी ती दुसऱ्या कुणाच्या कुलवृत्तांतात भरलेली असू शकते. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

कुलवृत्तांताचे संपादक घरोघर छापील तक्ते पाठवत. सासरच्याने सुनेचं माहेर लिहिलं नसेल, पण बाप आपल्या लेकीबद्दल सहसा लिहायचा. नोंदीच्या शेवटी ‘कन्या’ असा भाग असतो, त्यात माहेरचं नाव, कंसात सासरचं नाव, आणि ‘अमुक गावचे अमुक यांस दिली’. म्हणजे तुम्ही आपलं आडनाव आणि आपलं गाव मनात धरून दुसऱ्या घराण्यांचे ग्रंथ वाचायचे. आधी घरातल्या इतर सुनांची माहेरं लिहून काढा. त्या काळी सोयरिकी चार-पाच गावांच्या टापूत व्हायच्या, होडीने नाहीतर डोंगर उतरून एका दिवसात पोचता येईल एवढ्याच. त्यावरून आठ-दहा आडनावं हाती येतील. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३) तुम्हाला डोंबिवलीहून जवळ, आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८). तिथे जाऊन कुलवृत्तांत किती आहेत ते विचारा.

शके १८२९ म्हणजे १९०७-०८. शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदललं की ७९.

याच्याही मागे गेलात तर मोडी आणि शुहूर सन (जुन्या मोडी कागदांतली कालगणना) लागेल. त्यात आकडे अरबी शब्दांत लिहितात. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. घराण्याकडे इनाम असेल तर इनाम कमिशनच्या वेळच्या कैफियती (लेखी निवेदनं) बघाव्यात. १८५२ चा कायदा झाल्यावर इनामदारांना हक्क सिद्ध करावा लागला आणि त्यासाठी लोकांनी वंशावळी लिहून दिल्या. पुण्याच्या पुरालेखागारात असे कागद आहेत. पण त्या वंशावळींतही बाया नाहीतच, हे आधीच सांगून ठेवतो.

---

गिरणगाव | ३ मे, दुपारी १:१५

आमचं घराणं मोठं नाही. पणजोबा गावाहून लालबागला आले आणि गिरणीत लागले. कुलवृत्तांत वगैरे आम्हाला माहीत नाही. मला माझ्या आजीची माहिती मिळाली ती एका स्मरणिकेत.

गावकऱ्यांची मुंबईत खोली असायची, एका खोलीत वीस-तीस जण पाळीप्रमाणे झोपायचे. त्या खोलीचं मंडळ असायचं, मंडळाची वर्गणीवही असायची. पुढे सुवर्णमहोत्सव झाला की स्मरणिका निघायची. जाहिराती, अध्यक्षांचा फोटो, आणि मागे बारीक टायपात नावांची यादी. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत ‘खानावळ चालवणाऱ्या माताभगिनी’ म्हणून अर्धं पान आहे. आजी तिथे आहे, तिच्या स्वतःच्या नावाने, फोटोसकट. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

शाळांच्या, देवळांच्या, पतपेढ्यांच्या स्मरणिका वाचनालयात भेट म्हणून येतात. त्यांना कोणी क्रमांक लावत नाही, एका कोपऱ्यात दोरीने बांधून ठेवतात. ते गठ्ठे सोडा.

---

जास्वंद | ३ मे, रात्री १०:३०

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. दाखलांक काका, तुमची सगळी पथ्यं वहीत उतरवून घेतली. शुहूर सन, घरातल्या सुनांची माहेरं काढायला बसले. सात आडनावं मिळाली.

गिरणगाव, तुमच्या आजीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक अनुभव सांगते. गावी असताना एका कार्यालयात कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) बघायला मागितलं होतं. पणजीच्या मृत्यूची नोंद मिळेल असं वाटलं. ‘कशाला हवंय, जमिनीची भानगड आहे का?’ असं विचारून तीन वेळा परत पाठवलं. नुसतं पणजीचं नाव बघायचंय, हे कारण त्यांना पटेना.

---

तळ्याकाठी | ४ मे, रात्री ८:५०

जास्वंद ताई, तुमच्या झाडावर बाया नाहीत. आमच्याकडे झाडच नाही. आमच्या वस्तीतल्या कुणाच्या घराण्याचा ग्रंथ कोणी छापला नाही, पुरुषांचाही नाही. मी बारा वर्षं आमच्या घराण्याची माहिती जमवतोय, ती कुठून मिळाली ते सांगतो. माझ्यासारखे इथे वाचणारे असतील, त्यांच्यासाठी.

सुरुवात गावच्या चावडीतल्या संगमरवरी पाटीपासून झाली. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले, अशा पाट्या साताऱ्या-रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत आहेत. पाटीवर नुसता आकडा असतो. त्या आकड्यात आमचा माणूस आहे असं आजोबा सांगत. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली. तिथून मी लष्करी याद्यांकडे गेलो. नावांच्या शेवटी ‘नाक’ (महार पुरुषांच्या नावांना जोडला जाणारा जुना प्रत्यय) दिसलं की थांबायचं. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्तंभावरही तशीच नावं आहेत. हे ‘नाक’ पुढच्या पिढ्यांनी सोडलं, त्यामुळे पणतवाला स्वतःच्या पणजोबाचं नाव ओळखू येत नाही.

मग वतनाचे कागद. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपलं, पण त्याआधीच्या वतन रजिस्टरात हिस्सेदारांची नावं आहेत. तिथे मला पाच पिढ्या मिळाल्या.

आणि वाचनालयात काय मिळालं? ‘बहिष्कृत भारत’, बाबासाहेबांचं पाक्षिक. महाराष्ट्र शासनाने त्याचं पुनर्मुद्रण केलंय. जिल्ह्याच्या वाचनालयात कपाटाच्या वरच्या खणात होतं, कुलपात. मागितलं तेव्हा किल्ली शोधायला अर्धा तास लागला. त्या पानांवरच्या गावांच्या नावांवरून बोट फिरवत मी दोन दिवस बसलो. आमचं गाव दिसलं. आमचा माणूस दिसला नाही. पण १९२७ साली आमच्या गावातून कोणीतरी तिथवर पोचलं होतं, एवढं छापलेलं बघून मी वाचनालयाच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो.

आमच्या बायांची नावं कुठे? शाळेच्या जनरल रजिस्टरात. आत्याचं नाव तिथे मिळालं, १९३८, इयत्ता दुसरी, ‘शाळा सोडण्याचे कारण: गैरहजर’. कोतवाल बुकाबद्दल म्हणाल तर तो गाव नमुना १४. आता पुष्कळ ठिकाणी स्कॅन झालेत. लेखी अर्ज करा, तोंडी मागू नका. अर्जाची पोच घ्या.

---

जास्वंद | ४ मे, रात्री ११:४५

तळ्याकाठी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काचेतल्या झाडाबद्दल मी गाऱ्हाणं मांडत होते, पण ते झाड असणं हीच केवढी मिळकत आहे याचा विचार मी केला नव्हता. तुम्ही जमवलेलं कुठेतरी सलग लिहून ठेवताय ना? ते तुमच्या गावच्या वाचनालयातही ठेवा. पुढच्या कुणाला किल्ली शोधावी लागू नये.

---

मांडवीतीर | ५ मे, सकाळी ९:१०

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे कागद वेगळे. गावकारीत (पोर्तुगीज कागदांत कोमुनिदाद) वांगडांच्या (गावच्या मूळ कुळांच्या) याद्या असतात, पण तिथेही पुरुषच. बायका मात्र मिळतात इन्व्हेंतारात. पोर्तुगीज नागरी कायद्यात मालमत्तेची वाटणी करताना सगळ्या वारसांची यादी करावी लागे, त्यात मुली, जावई, कुठे दिल्या ते गाव, सगळं येतं. माझ्या खापरपणजीच्या चार बहिणी मला अशाच एका इन्व्हेंतारात मिळाल्या. भाषा पोर्तुगीज, अक्षर कठीण, पण रचना ठरलेली असते, तिसऱ्या दिवशी डोळ्याला सवय होते. पणजी शहरातलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं आहे. तिथली जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रंही बघण्यासारखी.

तुमच्या घरात कुणी सून गोव्याकडची असेल तर जरूर सांगा, मी जाऊन बघेन.

---

सातबारा | ५ मे, दुपारी ४:००

जमिनीच्या कागदांचं थोडं. नवऱ्यामागे विधवेचं नाव लागलं असेल तर फेरफारात मिळेल (गाव नमुना ६). तिथली भाषा ओळखून ठेवा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ‘लक्ष्मी कोम’ शोधा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं वारस म्हणून येऊ लागली, आणि लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड.

जनगणनेत बघा असं कोणी सांगेल, तिकडे वेळ घालवू नका. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी नियमित जनगणना झाली, पण घरोघरची पत्रकं जपलेली नाहीत, फक्त बेरजा आहेत.

---

बडोदेकर | ५ मे, रात्री ९:३०

‘अक्षरओळख नव्हती’ हे घरातलं वाक्य जरा तपासून बघा. आमच्याही पणजीबद्दल तेच सांगत. ती बडोदा संस्थानात वाढलेली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं, मुलींनासुद्धा, आणि १९१० पासून गावोगाव वाचनालयं उघडली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. तिची शाळेची नोंद मिळाली, चार इयत्ता. सासरी आल्यावर चारचौघांत कधी वाचलं नाही, म्हणून सगळ्यांनी निरक्षर ठरवून टाकलं.

---

मतपत्र | ६ मे, सकाळी ८:००

बायकांच्या नावांवरून आठवलं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या (१९५१-५२) मतदारयाद्या करताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची आई’ एवढंच सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं नाही. त्यात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थानकडच्या बायका जास्त. आपल्याकडच्या जुन्या याद्या कुठे मिळाल्या तर नाव असण्याची शक्यता चांगली.

---

जास्वंद | १९ मे, रात्री १०:१५

धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

दोन शनिवार ठाण्याला आणि एक दादरला गेले. सातांपैकी पाच आडनावांचे कुलवृत्तांत मिळाले. पहिल्या तिन्हींत काही नाही. चौथ्यात, पान तीनशेच्या पुढे, ‘कन्या’ या शब्दानंतर:

‘ठकू (लक्ष्मी), ज. शके १८१८, वि. १८२९’, आणि पुढे आमच्या गावाचं नाव, पणजोबांचं नाव, ‘यांस दिली’.

ठकू. माझ्या पणजीचं नाव ठकू होतं. वाचनालयात मोठ्याने बोलता येत नाही म्हणून मी ते नाव कागदावर चार वेळा लिहिलं.

लग्नात ती अकरा वर्षांची होती. तिच्या वडिलांच्या नोंदीत ‘मराठी शाळेत मास्तर’ असं आहे. गाव आमच्या गावापासून खाडीपलीकडे. लहानपणी आम्ही त्या गावच्या जत्रेला जायचो. कोणी कधी सांगितलं नाही की हे पणजीचं माहेर.

---

शुहूर सन | १९ मे, रात्री ११:००

मनापासून अभिनंदन! तरीही एक खात्री करून घ्या. एकाच गावात एकाच आडनावाच्या दोन लक्ष्मी, आणि नवऱ्याचं नावही तेच, असं कोकणात सर्रास होतं, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. ‘यांस दिली’ मध्ये सासऱ्याचं नाव आहे का? तुमच्या ग्रंथात त्याच साली त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा विवाह आहे का, तेही बघा.

---

जास्वंद | २० मे, सकाळी ८:२५

पाहिलं. सासऱ्याचं नाव दिलेलं नाही. आमच्या ग्रंथात त्याच नावाचे आणखी एक आहेत, पणजोबांचे चुलत चुलते, पण त्यांचा विवाह शके १७९९ चा. आणि दोन्हीकडे १८२९ जुळतंय. मला तरी ती हीच वाटते. कोतवाल बुकासाठी लेखी अर्ज केलाय, पोच घेतलीय (तळ्याकाठी, धन्यवाद).

---

दाखलांक | २० मे, सकाळी १०:००

बाप मास्तर होता म्हणता. मग गावच्या वाचनालयाचं दप्तर बघाच. बडोदेकरांचं म्हणणं माझ्याही मनात घोळतंय.

---

जास्वंद | ९ जून, रात्री ९:०५

काल गावी होते. ग्रंथपाल मॅडमनी अध्यक्षांची परवानगी आधीच काढून ठेवली होती. माळ्यावरून दोन पेट्या उतरवल्या. एकीत वाळवीने माती केलेली. दुसरीत १९२६ पासूनचे काही वार्षिक अहवाल आणि सभासद अर्जांची बांधीव वही.

१९३१ च्या अहवालात वर्गणीदारांची यादी आहे. शेवटी ‘स्त्रीवर्ग’ म्हणून नऊ नावं, सगळी ‘रा. रा. अमुक यांचे कुटुंब’ अशी. सातवं नाव पणजोबांचं कुटुंब. वर्गणी दोन आणे.

मग अर्जांची वही उघडली. तिचा अर्ज आहे. मजकूर कारकुनाच्या देवनागरीत. खाली सही वेगळ्या शाईत, मोडीत. मला मोडी येत नाही. फोटो जोडलाय. शुहूर सन, बघता का? सहीआधी दोन-तीन अक्षरं आहेत, तीही लागत नाहीत.

---

शुहूर सन | ९ जून, रात्री ९:५०

सहीआधी आहे ‘द. खुद्द’. दस्तुर खुद्द. म्हणजे हे अक्षर तिचं स्वतःचं आहे. दुसऱ्याने लिहिलं असतं तर ‘द. अमुक’ असं लिहिणाऱ्याचं नाव आलं असतं. लिहिता न येणाऱ्याची निशाणी असते, आणि ती निशाणी कोणाच्या हातची तेही लिहितात.

पुढे ‘लक्ष्मीबाई’, मग पणजोबांचं नाव आणि आडनाव. मोडीत वेलांटी एकाच प्रकारची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे ‘क्ष्मी’ तुम्हाला ओळखू आलं नसेल. आधी एक लांब रेघ ओढलीय आणि सगळी अक्षरं तिला टांगलीत, हात न उचलता. दोन-चार अक्षरं घोटून सही शिकलेल्या माणसाची रेघ अशी येत नाही. हिने आयुष्यात पुष्कळ लिहिलं असणार.

---

जास्वंद | ९ जून, रात्री १०:२०

बाबांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या लहानपणी ती दुपारी पडवीत दार लोटून बसायची, आम्हाला वाटायचं झोपते.

---

तळ्याकाठी | ९ जून, रात्री १०:४५

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. वडिलांनी जे सांगितलं ते आजच लिहून काढा, तारीख घालून.

---

गिरणगाव | १० जून, सकाळी ७:३०

तिने काय वाचलं ते कळेल का? देवघेव वही आहे?

---

जास्वंद | १० जून, रात्री ९:००

आहे, एकच. १९३१ ते १९३३. तिच्या नावावर चाळीसच्या वर नोंदी आहेत. पण वहीत पुस्तकांची नावं नाहीत, नुसते दाखलांक (वाचनालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेला क्रमांक). पावसाळ्यात नोंदी दाट, चैत्र-वैशाखात एकही नाही. तेव्हा आंब्या-फणसाची कामं असतात, तिला सवड कुठली मिळायला!

दाखल नोंदवही वाळवीच्या पेटीतली. त्यातली मधली काही पानं शाबूत आहेत. त्यावरून आत्तापर्यंत सहा पुस्तकं जुळली: दोन पोथ्या, एक पाकशास्त्राचं, एक काशीयात्रेचं प्रवासवर्णन, दोन कादंबऱ्या. आणि दाखलांक ४१२. तो तिने तीनदा नेलाय, तिसऱ्या वेळी दोन महिने ठेवून एक आणा दंड भरलाय. ४१२ चं पान नोंदवहीत नाही.

---

दाखलांक | १० जून, रात्री ९:३०

पान नसलं तरी पुस्तक असू शकतं. जुन्या पुस्तकांवर दाखलांक तीन ठिकाणी घालतात: पुठ्ठ्याच्या कण्यावर चिठ्ठी, शीर्षकपानामागे शिक्का, आणि आत एका ठरावीक पानावर गुपचूप आकडा. चिठ्ठी पडते, शीर्षकपान फाटतं, पण आतला आकडा राहतो. ते ठरावीक पान कुठलं हे प्रत्येक वाचनालयाचं वेगळं. तुमच्याकडची पाच-सहा जुनी पुस्तकं चाळलीत तर कळेल. निर्लेखन झालेली पण अजून रद्दीत न गेलेली पुस्तकं कुठे ठेवतात ते मॅडमना विचारा.

---

जास्वंद | ११ जून, सकाळी ८:१०

विचारलं. पान ५१ वर आकडा असतो. आणि मागच्या खोलीत बाद पुस्तकांचे अकरा गठ्ठे आहेत, पाऊस जरा उघडला की रद्दीवाला येणार होता. मॅडमनी त्याला थांबवलंय. २२ तारखेला, शनिवारी, जाऊन सगळे गठ्ठे सोडणार.

---

तळ्याकाठी | ११ जून, दुपारी १२:३०

मी चिपळूणला असतो. २२ ला येऊ का मदतीला? अकरा गठ्ठे एकटीचं काम नाही.

---

जास्वंद | ११ जून, दुपारी १२:५०

जरूर या. दहाला वाचनालय उघडतं. डबा मी आणते, तुम्ही मास्क आणि पातळ सुती हातमोजे आणा. फार धूळ आहे त्या खोलीत.